"व्हीपीएन टाका आणि गप्प बसा" हे उत्तर नाही

नमान्वेकर

युगांडाच्या राजधानीत, कंपालाला, नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी परवा एक लेख आला. घर कुठे घ्यावं, गाडी कोणती, शाळा कोणती, सगळं नीट लिहिलंय. इंटरनेटवर मात्र तीन ओळी: "फेसबुक बंद आहे. व्हीपीएन टाका, काम होतं. एवढ्यावर ज्याचं भागत नाही त्याने परदेशात येऊ नये." व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून नेट वापरतोय असं दाखवणारं अ‍ॅप. तीन दिवस ही शेवटची ओळ डोक्यातून जात नाहीये.

मी २०१९ पासून कंपालाजवळ नमान्वेच्या एका कारखान्यात आहे. जानेवारी २०२१ ची निवडणूक इथेच काढली. ११ तारखेला फेसबुकने सरकारी मंत्रालयाशी जोडलेली खाती काढल्याचं जाहीर झालं. १२ ला राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी टीव्हीवर भाषण करून फेसबुक बंद केल्याचं सांगितलं. १३ च्या संध्याकाळी अख्ख्या देशाचं इंटरनेट गेलं ते १८ ला आलं. त्या दिवसांत व्हीपीएन काय कामाचं? त्याला चालायला आधी इंटरनेट लागतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सांगलीत माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एरवी आम्ही व्हिडिओ कॉलवरच बोलायचो. साधे फोन चालू होते म्हणून टपरीवरून एअरटाइम (टॉकटाइम) आणून फोन लावला. भावाने सवयीने फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला. पट्टी नुकतीच काढलेली. ती म्हणायला लागली, "दिसत नाही रे तू. काहीच दिसत नाही." तिला वाटलं डोळा गेला. मी इकडून ओरडतोय की हा साधा फोन आहे, पण तिने तो कानाला लावलेलाच नव्हता. भावाच्या लक्षात येईपर्यंत ती रडायला लागली होती. आणि मग एअरटाइम संपला.

मी इथल्या राजकारणात पडत नाही, पडायचंही नाही. पण असं होतं हे येणाऱ्या माणसाला आधी कळायला हवं. तक्रार केली की "मग आलात कशाला" हे ऐकून घेणार नाही.

जिंजाकाका

लेख माझा आहे, तेव्हा उत्तर मलाच दिलं पाहिजे.

तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण नमान्वेकर, तुम्ही २०१९ ला आलात, मी २००९ पासून आहे. फेब्रुवारी २०१६ ची निवडणूक पाहिली आहे. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकसोबत मोबाइल मनीसुद्धा बंद केलं होतं. आमच्या घरी त्याच संध्याकाळी याका, म्हणजे विजेचं प्रीपेड मीटर, संपला. युनिट घ्यायचे फोनवरून, आणि फोनवरचे पैसे अडकलेले. दोन रात्री मेणबत्तीत काढल्या, फ्रीजमधलं सगळं शेजाऱ्यांना वाटून टाकलं. कुणाकडे रडलो नाही.

आपण इथे पाहुणे आहोत. हा देश त्यांचा, निवडणूक त्यांची, नियम त्यांचे. १९७२ साली इथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई, म्हणजे बहुतेक आपल्याच भारतीय वंशाच्या, लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला होता. ती घरं, ती दुकानं आजही कंपाला-जिंजात उभी आहेत. मी राहतो तो रस्ता त्यांनीच वसवलाय. त्यामुळे नवीन पोराला मी एकच सांगतो: जे बंद आहे त्याबद्दल चारचौघांत बोलू नकोस. माझ्या तीन ओळींमागे हे आहे. उर्मटपणा म्हणून लिहिलेलं नाही.

नमान्वेकर

काका, भीती समजू शकतो. मग लेखात भीतीच लिहा ना. "सांभाळून बोला" आणि "येऊच नका" यात फरक आहे. आणि मेणबत्तीत दोन रात्री काढल्या हे अभिमानाने सांगताय, पण मोबाइल मनी बंद होऊ शकतं, थोडी रोकड घरात ठेवा, हे एक वाक्य तुमच्या लेखात नाही. नवीन माणसाला तेच तर हवंय.

मुयेंगाताई

दोघांचंही वाचलं. मला एक वेगळी गोष्ट खटकते. आपण आपल्याच अडचणी मोजतोय.

जुलै २०१८ मध्ये इथे सोशल मीडियावर कर लागला. दिवसाला दोनशे शिलिंग भरा, तेही मोबाइल मनीतूनच, मग व्हॉट्सअ‍ॅप उघडणार. आपल्या हिशोबाने साडेतीन-चार रुपये. आपल्यातल्या कुणाला तो जाणवला? ऑफिसचं वायफाय होतंच. आमच्या शाळेतली सफाई करणारी बाई मात्र रविवारीच भरायची, कारण रविवारी गावाकडे ठेवलेल्या मुलांचा आवाज ऐकायचा असायचा. बाकीचे सहा दिवस तिचा फोन मुका. लोकांनी कर चुकवायला फुकटातले व्हीपीएन टाकले, त्याने डेटा जास्त खाल्ला आणि जाहिरातींनी फोन भरून गेले. २०२१ च्या जुलैत तो कर गेला, तर डेटावरच १२ टक्के लावले. म्हणजे "व्हीपीएन टाका" हा सल्ला ज्याच्याकडे डेटाला पैसे आहेत त्याच्यासाठी आहे.

आता माझं स्वतःचं. युगांडाने मला जितकं अडवलं नाही तितकं आपल्या भारताने अडवलंय. घरच्या कागदपत्रांसाठी एक सरकारी संकेतस्थळ इथून उघडतच नाही. पांढरं पान येतं आणि फिरत राहतं. भाचीने पुण्यातून उघडलं तर दोन सेकंदांत उघडलं. बँकेचं अ‍ॅप इथे आल्यावर "हे ठिकाण अमान्य" म्हणतं. आणि ओटीपी! गेल्या वर्षी वडिलांच्या औषधांचे पैसे भरायचे होते. भारतीय सिम खिडकीशी धरून उभी राहिले, रेंज यायची आणि जायची. ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली होती. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा बँकेने कार्डच बंद केलं. कार्ड चालू करायला ओटीपी लागत होता.

निवृत्त बँकवाला

मूळ विषयापासून आपण लांब जातोय, पण बँकेवर आरोप झालाय म्हणून लिहितो. छत्तीस वर्षं नोकरी केली.

ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खात्री हवी हा नियम २००९ पासून आहे, आणि त्याने असंख्य सामान्य माणसांचे पैसे वाचलेत. परदेशातून अचानक कुणी खात्यात शिरलं तर बँकेने दार उघडं ठेवायचं का? पैसे गेले की हेच लोक शाखेत येऊन टेबल बडवतात. आमच्या शाखेत एका निवृत्त मास्तरांचं आयुष्यभराचं फंडाचं खातं एका दुपारी रिकामं झालं. ते काउंटरसमोर खाली बसले होते, मी त्यांना पाणी दिलं होतं. तेव्हापासून कडक नियमाबद्दल मला कुणी काही सांगू नये. परदेशी जाताना बँकेला कळवा, खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं, करून घ्या. नियमाप्रमाणे ते करायलाच हवं. ताईंनी केलंय का?

मुयेंगाताई

केलंय. पहिल्याच वर्षी केलंय, शाखेत दोन खेपा घालून. "केलंय का?" हा प्रश्न आम्हाला दर वेळी विचारला जातो, जणू चूक आमचीच असणार. मास्तरांचं ऐकून पोटात तुटलं. पण चोराला थांबवायचं म्हणून मालकालाच बाहेर ठेवायचं, याला सुरक्षा म्हणायला मी तयार नाही.

आणि एनआरओ करून तरी काय मिळालं? जानेवारी २०२३ मध्ये परदेशी नंबरवर यूपीआय द्यायचं ठरलं तेव्हा यादीत दहा देश होते. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, सिंगापूर, अमिराती वगैरे. युगांडा नाही. आफ्रिकेतला एकही देश नाही. इथला भारतीय पैसे पाठवत नाही का?

दुबईचा बाळ्या

यूपीआय आम्हाला मिळालंय, खरं आहे, त्याचं सुख मोठं आहे. पण आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही. मेसेज जातो, कॉल नाही. आणि जिंजाकाका, "व्हीपीएन टाका" हे इतक्या सहज लिहू नका. इथे व्हीपीएनचा गैरवापर गुन्ह्यात धरला तर दंड पाच लाख ते वीस लाख दिरहम. तुमच्या शेजारच्या टांझानियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीपीएन वापरणाऱ्यांनी नोंदणी करा म्हणून फर्मान काढलं. एका देशात चाललेला सल्ला दुसऱ्या देशात माणसाला गोत्यात आणतो.

सह्यकडा

सगळे युगांडाला नावं ठेवताय म्हणून विचारतो. ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमध्ये इंटरनेट गेलं, फोर-जी परत आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. दीड वर्ष. अ‍ॅक्सेस नाऊ या संस्थेच्या मोजणीत २०१८ ते २०२३ सलग सहा वर्षं इंटरनेट बंद करण्यात भारत जगात पहिला होता. पाच दिवसांच्या बंदीवर एवढं लिहिणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा बोलले होते?

जिंजाकाका

हेच मी म्हणतोय! आपल्या घरात हे चालतं आणि दुसऱ्याच्या घरात जाऊन आपण उपदेश करायचा.

नमान्वेकर

काका, मी कुणाला उपदेश केला? मी वर लिहिलंय त्यातलं एक वाक्य दाखवा.

सह्यकडा, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मला तो बोचला. मी तेव्हा बोललो नव्हतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मी इथे नवीन होतो, बातमी वाचली आणि पुढे गेलो. दीड वर्षाने पाच दिवस माझ्यावर आले तेव्हा कळलं. पण म्हणून मी आता गप्प बसावं हे कुठलं न्यायाचं? उलट ज्याला कळलं त्याने तरी बोलावं.

निवृत्त बँकवाला

काश्मीरची सुरक्षा आणि बँकेचा ओटीपी एकाच पंगतीत बसवू नका. देशाच्या सीमेवर काय चाललंय हे बाहेर बसून कळत नाही.

सह्यकडा

बाहेर बसून? माझा मेव्हणा तेव्हा श्रीनगरमध्ये फळांच्या व्यापारात होता. गाड्या भरून उभ्या आणि दिल्लीचा भाव विचारायला सोय नाही. तोंड सांभाळून लिहा.

मुयेंगाताई

कृपया. काश्मीरसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन लिहीन. इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही ती सांगते, कारण नवीन लोक यात फसतात.

एप्रिल २०२२ मध्ये भारताने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला. त्यावर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. आता अ‍ॅपमध्ये "इंडिया" निवडता येतं, पण खरा सर्व्हर असतो सिंगापूरला नाहीतर लंडनला. नुसता पत्ता भारताचा दाखवतात. काही संकेतस्थळं त्याला भुलतात, काही लगेच ओळखून बाहेर काढतात. म्हणजे युगांडात फेसबुक उघडायला व्हीपीएन चालतं, पण भारतातलं माझंच खातं उघडायला त्याची खात्री नाही. कुंपण दोन्ही बाजूंनी आहे आणि आम्ही मध्ये उभे आहोत.

निवृत्त बँकवाला

हे व्हीपीएनचं मला माहीत नव्हतं. मेव्हण्यांबद्दल माझ्याकडून जास्त बोललं गेलं, मागे घेतो. ओटीपीबद्दल मत बदललेलं नाही. एवढं मान्य करतो की आम्ही नियम केले तेव्हा समोर शाखेत येणारा माणूस होता. खिडकीशी सिम धरून उभी राहिलेली बाई नव्हती.

नमान्वेकर

धन्यवाद साहेब. आणि सगळंच सरकारच्या माथी मारायचं नाही, हेही लिहून ठेवतो. मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि इथलं नेट रांगायला लागलं. युगांडाला समुद्र नाही, बहुतेक नेट केनियाच्या मोंबासा बंदरावरून येतं. तेव्हा कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. कारखान्यात आम्ही ऑर्डरी फोनवर वाचून दाखवल्या आणि रागही आला नाही. बिघाड सहन होतो. कुणीतरी ठरवून बटण दाबतं, ते सहन होत नाही.

जिंजाकाका

वाद घालायची ताकद आता नाही. लेखात बदल करतो. "परदेशात येऊ नये" हे वाक्य काढतो. रोकड, साधा फोन, निवडणुकीचे दिवस आणि टांझानियाचा नियम घालतो. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं हे माझं मत तसंच राहील, ते कुणी बदलायला जाऊ नये.

मार्चमध्ये निघणारा

कंपालाची नोकरी पक्की झालीय, म्हणून सगळं वाचून काढलं. भारतातलं प्रीपेड सिम बंद करून टाकू का? उगाच रिचार्जचा खर्च.

मुयेंगाताई

अजिबात बंद करू नका. बँक, आधार, सगळं त्याच नंबरवर आहे. नव्वद दिवस वापर नसेल तर नंबर जाऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. जमलं तर पोस्टपेड करून घ्या आणि बिल घरच्या कुणाला भरायला सांगा. आणि रोमिंग विमानात बसायच्या आधी चालू करून बघा. इथे आल्यावर ते चालू करायचं म्हटलं तर त्यालाही ओटीपी लागतो.