उन्हात रोज डीएनए खराब होतो म्हणे, मग आपण जिवंत कसे?

केळीवाला_रावेर
मंडळी एक शंका आहे. परवा केळीची गाडी भरायला पुण्याचा भाचा आला होता हौसेने, अकरा ते तीन नुसत्या बनियनवर घड उचलले पठ्ठ्याने, रात्री खांदे लालबुंद आणि आता चौथ्या दिवशी कांद्याच्या सालीसारखी कातडी निघतेय. तो बारावी सायन्सला आहे, म्हणे मामा अतिनील किरणांनी डीएनए तुटतो. मी तीस वर्षं याच उन्हात आहे, माझं तर कधी साल निघालं नाही. आणि माणसाचं सोडा, केळीचं पान तर दिवसभर उघडंच असतं की, त्याचं काय होत नाही का?

भुसावळ_जंक्शन
आमच्याकडे ४५ डिग्रीत डीएनए काय, रुळ पण वाकतात भो 😄

धुळेकर_मास्तर
जंक्शनभाऊ, डिग्रीचा आणि याचा संबंध नाही, ती उष्णता झाली. अतिनील जास्त येतं ते सूर्य डोक्यावर असताना, आपल्याकडे मेच्या शेवटी एक दिवस तर भर दुपारी सावली पायाखालीच जाते बघा.
आता दादांचं. भाचा "तुटतो" म्हणाला पण खरं तर चिकटतो. डीएनएत थायमिन नावाची अक्षरं असतात, दोन थायमिन शेजारीशेजारी असले की अतिनील किरणाने ते एकमेकांनाच धरून बसतात, याला डायमर म्हणतात, आणि तिथे धागा वाकडा होतो. गोधडी शिवताना दोन टाके एकात एक अडकले की तेवढ्या जागी कापड गोळा होतं ना, तसंच. पेशीतली काही प्रथिनं सतत चाचपत फिरत असतात, असा फुगवटा लागला की दोन्ही बाजूंनी कात्री मारून साधारण ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकतात, आणि डीएनए दुपदरी असल्यामुळे समोरचा पदर बघून नवा तुकडा विणतात. डीएनएतले काही बिघाड काही तासांत निघतात, पण हे डायमर चिवट, दिवस उलटला तरी थोडे राहतात.

केळीवाला_रावेर
मग भाच्याची दुरुस्ती फेल गेली का?

धुळेकर_मास्तर
नाही हो, उलट बरोबर झालं. नुकसान झालं की पी-५३ नावाचं प्रथिन पेशीला वाढायचं थांबवतं, म्हणजे आधी दुरुस्ती मग पुढचं. पण नुकसान फारच असेल तर तेच पेशीला मरायला लावतं, बिघडलेला डीएनए पुढे नेण्यापेक्षा मेलेली बरी. निघतंय ते साल म्हणजे त्याच मेलेल्या पेशी. तुमच्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला सावळा करणारा रंग, जास्त, ते पेशीकेंद्रावर टोपीसारखं बसतं. पण त्यावर फार विसंबू नका, मोतीबिंदू आणि डोळ्यात मांस वाढणं यात उन्हाचा हात असतोच. काही मुलांत ही कात्री जन्मतःच बिघडलेली असते, झेरोडर्मा पिगमेंटोसम म्हणतात, त्यांना साधं ऊन सोसत नाही, लहानपणीच कातडीचे कॅन्सर होतात. यात दुरुस्तीचाच दोष आहे हे १९६८ला क्लीव्हर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं.

टिशूकल्चरवाली_जळगाव
केळीच्या पानाचं मी सांगते, दिवसभर केळीचीच रोपं बघते 🙂 झाडांकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं, ते निळा प्रकाश घेऊन चिकटलेले दोन थायमिन जागच्या जागी सोडवतं, कापाकापी नाहीच. म्हणजे ज्या उन्हाने बिघडलं त्याच उन्हाने नीट. बॅक्टेरियात असतं, कांगारूत पण असतं, आपल्यात मात्र नाही. अझीझ संजार यांनी यावर आणि मास्तर म्हणतात त्या कापून जोडण्यावर काम केलं, तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या छोट्या गावचा माणूस, २०१५चं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांत मिळालं.
आणि अतिनील डोळ्यांना काय करतं ते मला विचारा. नवीन होते तेव्हा लॅमिनारची (रोपांचं काम करायची जंतुविरहित हवेची पेटी असते ना, तिची) यूव्ही ट्यूब चालूच राहिली आणि मी समोर बसून काम करत होते, तेव्हा काहीच कळलं नाही, रात्री डोळ्यात तिखट आणि वाळू एकदम टाकल्यासारखं. दोन दिवस अंधारात बसले. ती ट्यूब २५४ नॅनोमीटरची, डीएनए नेमका तिथेच जास्त शोषतो, म्हणूनच तर जंतू मरतात.

केळीवाला_रावेर
बठ्ठं समजनं मास्तर, ताई. भाच्याला वाचून दाखवलं तर पालथा पडल्या पडल्या म्हणतो, मामा मी कांगारू असतो तर बरं झालं असतं. उद्याची गाडी पहाटे पाचला लावतोय.