वॉशिंग मशीन दाखवलेल्या वेळेपेक्षा जास्त का चालते? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनवर 40 अंशांचा सुती कपड्यांचा प्रोग्रॅम लावला की सुरुवातीला जो वेळ दिसतो, त्यापेक्षा धुणे संपायला हल्ली बराच जास्त वेळ लागतो. सुरुवातीचा आकडा हा केवळ अंदाज असतो, कपड्यांचे वजन, नळाच्या पाण्याचा दाब आणि आत येणाऱ्या पाण्याचे तापमान यांनुसार तो बदलतो, हे मला माहीत आहे. थंड पाणी 15 अंशांवरून 40 अंशांपर्यंत नेण्यास 25 अंशांवरून नेण्यापेक्षा अधिक वेळ लागणार, हेही उघड आहे. मात्र आमचा खोळंबा शेवटच्या टप्प्यात होतो.

पिळण्याच्या वेळी ड्रम वेग घेऊ लागतो, मग थांबतो, कपडे पुन्हा सैल करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तेवढा वेळ पडद्यावरची मिनिटे तशीच गोठलेली राहतात. एकटी जाड चादर असली की हे हमखास घडते, त्यामुळे असमतोल हे कारण मला पटते. पण मिश्र कपड्यांतही कधी कधी तेच होते. तेव्हा फेस जास्त झाल्याने मशीन जादा खळबळणी करत असेल, की निचऱ्याची जाळी तुंबल्याने पाणी सावकाश बाहेर जात असेल?

असमतोल, फेस आणि निचरा यांपैकी नेमके कारण घरच्या घरी कसे ओळखावे, आणि तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.