डीव्हीआर भाड्याने घ्या म्हणे!

सातपूरची_शिफ्ट
काल 'सेक्रेटरी_नाइलाजाने' यांनी इथे लिहिलं की सोसायटीने सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, विकत घेणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं. भाड्याने घ्या, बिघडला की कंपनी बदलून देते, डोक्याला ताप नाही. वाचून डोकंच फिरलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे नाशिकला पाथर्डी फाट्याला हाच ठराव आलाय. आठ कॅमेरे, आठ चॅनेलचा डीव्हीआर, महिना १,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, करार तीन वर्षांचा. म्हणजे महिन्याला २,१२४ आणि तीन वर्षांत ७६,४६४. एवढं भरून शेवटी हातात काय? भिंतीला पडलेली भोकं. हाच सगळा संच वायरिंग-मजुरीसकट मला एमजी रोडच्या एका दुकानदाराने ३८ हजारांत लिहून दिलाय. त्यात डीव्हीआरची पेटी साडेचार हजारांची. साडेचार हजारांच्या वस्तूला कोणी भाडं भरतं का हो?

बिघडून बिघडून त्यात बिघडणार काय, तर हार्डडिस्क. चार स्क्रू आणि दोन वायरी. जन्मभर कारखान्यात पॅनेलं उघडली, हे मला कोणी शिकवू नये. भाच्याच्या सोसायटीतली भाड्याची पेटी मी स्वतः उघडून पाहिली. आत कुठल्यातरी कॉम्प्युटरमधून काढलेली ५०० जीबीची म्हातारी डिस्क. चोवीस तास लिहायला सर्व्हेलन्सची वेगळी डिस्क येते, ती महाग, म्हणून ही. करारात मात्र '३० दिवसांचं रेकॉर्डिंग'! १०८०पी चित्र, एच.२६५ने दाबलेलं, कॅमेऱ्यामागे सेकंदाला २ मेगाबिट (एमबीपीएस) धरा: आठ कॅमेरे दिवसाला १७३ जीबी खातात. ५०० जीबीत तीन दिवसही निघत नाहीत, तीस दिवसांना पाच टीबीच्या वर डिस्क लागेल. शनिवारी गाडीचं चाक गेलं, बुधवारी लक्षात आलं, तोवर त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढलेलं.

सेक्रेटरी_नाइलाजाने
काका, गणित झकास आहे. आता माझं ऐका. मालकीच्या डीव्हीआरचा मालक कोण असतो माहितीये? सोसायटी नाही, सेक्रेटरी! मी अंबडला नोकरी करतो, घरी येऊन जेवायला बसलो की वॉचमन दारात, "साहेब, टीव्ही काळा पडलाय." आमचा आधीचा डीव्हीआर विकतचाच होता. पहिल्या पावसात वीज कडाडली, पेटी गेली. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत वीज बसत नाही. मग तीन कोटेशनं मागवा, मीटिंग लावा, त्यात कोरम नाही, परत मीटिंग. चार महिने सगळं बंद. तेवढ्यात दोन सायकली आणि एका ॲक्टिव्हाची बॅटरी गेली आणि लोक मलाच विचारतात, "कॅमेरे कशाला लावलेत?" भाड्याची पेटी दुसऱ्या दिवशी बदलून येते. तुम्हाला स्क्रू पिळायची हौस असेल तर या आमच्याकडे सेक्रेटरी म्हणून.

सातपूरची_शिफ्ट
खरं कारण सांगा ना. विकत घ्यायचं तर सर्वसाधारण सभेत उभं राहून हिशोब द्यावा लागतो. भाडं मेंटेनन्समध्ये मुरतं, कोणी विचारत नाही. म्हणून कमिट्यांना भाडं गोड लागतं.

सेक्रेटरी_नाइलाजाने
हा आरोप आहे. पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या.

केबलवाला_भो
मी दोन्ही करतो, विक्री पण, भाड्याने पण, त्यामुळे मधलं सांगतो. काका, कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस कशाला? जिन्यात काय क्रिकेटची मॅच चालू आहे का? सेकंदाला १५ फ्रेमवर १ एमबीपीएस पुरतो, वर मोशन (हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग) लावलं की रात्री डिस्कला फार काम नाही. आणि तुमच्या ३८ हजारांच्या कोटेशनमध्ये केबल कोणती ते विचारलं का? अस्सल तांबं की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा? दोन वर्षांत चौथ्या मजल्याच्या कॅमेऱ्यावर मुंग्या दिसायला लागल्या की कळेल. विकत घेणारे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, करत नाहीत, लेन्सवरचं जाळं पुसत नाहीत, आणि चोरी झाली की आम्हाला शिव्या.

बागाईतदार_दिंडोरी
तुमचं शहराचं चालू द्या. आम्हाला पॅकहाऊसवर कॅमेरे लागतात जानेवारी ते एप्रिल, द्राक्षाचा माल निघतो तेव्हा. क्रेट मोजायला, गाडीत माल भरताना. बाकी आठ महिने शेडमध्ये उंदीर. एका वर्षी विकत घेतला, पुढच्या हंगामात काढला तर वायरी कुरतडलेल्या, डिस्क करकर वाजते. आता हंगामापुरता भाड्याने आणतो. औरंगाबाद रोडचे लॉन्सवाले पण लग्नसराईला असंच करतात. सरसकट मूर्ख म्हणू नका.

सातपूरची_शिफ्ट
चार महिन्यांसाठी भाडं बरोबर आहे, कोण नाही म्हणतंय? आमच्या सोसायटीला काय चारच महिने चोर येतात?

तिसरा_मजला_इंदिरानगर
सगळे पेटीच्या किमतीवर भांडताय. ते चित्र बघतं कोण, यावर एक अक्षर नाही. आमच्याकडे डीव्हीआर विकतचाच आहे, चेअरमनच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या खाली. ॲप त्यांच्या फोनमध्ये आणि त्यांच्या सौंच्याही फोनमध्ये. माझी शिफ्ट उशिरा सुटते. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये ते हसून म्हणाले, "काल पावणेबारा वाजले वाटतं? आणि सोडायला आले ते कोण?" सोडायला आला तो माझा सख्खा भाऊ होता. असला तर असला, नसला तर नसला, यांना काय करायचंय?

सेक्रेटरी_नाइलाजाने
ताई, काळजीपोटी विचारलं असेल. सुरक्षेसाठीच असतात ना कॅमेरे.

तिसरा_मजला_इंदिरानगर
काळजी? वरच्या मजल्यावरची तीन पोरं रात्री दोनला येतात, त्यांना कोणी लिफ्टमध्ये घड्याळ सांगत नाही. आणि माझी स्कूटर पार्किंगमध्ये ठोकली गेली तेव्हा याच डीव्हीआरचं रेकॉर्डिंग मागितलं, तर "नेमका तो कॅमेरा बंद होता". ठोकणारी गाडी कोणाची होती ते अख्ख्या बिल्डिंगला माहितीये.

गंगापूर_रोडचा_म्हातारा
डीव्हीआर म्हटलं की माझी जखम वेगळीच आहे. डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स होता आमच्याकडे. २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, सचिनचे दोनशे. पूर्ण डाव रेकॉर्ड केला, नातवंडांना दाखवेन म्हणून. पुढे बॉक्स बिघडला, माणूस आला, नवा लावून जुना घेऊन गेला. म्हटलं, आतलं रेकॉर्डिंग? तर म्हणे, "बॉक्स कंपनीचा आहे, आजोबा." डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली असती तरी चाललं नसतं, आतला मजकूर कुलूपबंद असतो. भाड्याचं म्हणजे हे असं.

सेक्रेटरी_नाइलाजाने
आजोबा, ती मॅच इंटरनेटवर सापडेल.

गंगापूर_रोडचा_म्हातारा
सापडते. त्यात मध्येच आमच्या हिचा "चहा घेता का" असा आवाज नसतो, पण तो माझ्या रेकॉर्डिंगमध्येही नव्हता. मुद्दा तत्त्वाचा आहे.

काळा_कोट
पार्किंगवाल्या ताईंसाठी लिहितो. रेकॉर्डिंगची कॉपी कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. आधी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, द्यावी लागते आणि दोन सह्या: उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची. जालन्याचा खोतकर-गोरंट्याल खटला आठवा. २०१४ ची विधानसभा निवडणूक, २९६ मतांचा फरक, उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा यावर वाद, आणि पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं आणि ते ज्याच्या मालकीचं आहे किंवा जो ते चालवतो तो साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. कॉपी दिली तर आहेच.

सातपूरची_शिफ्ट
म्हणजे मालकी हवी! मी काय बोंबलतोय सकाळपासून?

काळा_कोट
'किंवा जो चालवतो' हे सोयीस्कर गाळू नका. भाड्याचा असला तरी तुम्ही चालवत असाल तर भागतं. पोलीस मागायला येण्याआधीच कंपनीने पेटी बदलून नेली, तर मात्र बसा.

तिसरा_मजला_इंदिरानगर
चालवतो म्हणजे काय? आमच्या कमिटीतल्या एकालाही रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढता येत नाही. लावणारा माणूस येऊन काढतो, पासवर्ड पण त्यालाच पाठ. केबलवाला भो, खरं सांगा, तुमच्या फोनमध्ये किती सोसायट्या दिसतात?

केबलवाला_भो
सर्व्हिससाठी लॉगिन ठेवावं लागतं, ताई. कोणाचा कॅमेरा बंद पडला तर घरबसल्या बघता येतं.

तिसरा_मजला_इंदिरानगर
किती, ते विचारलं.

केबलवाला_भो
आता मोजत बसू का? आम्हाला काय तुमच्या जिन्यात बघायची हौस आहे? दिवसभर शिडीवर असतो.

सातपूरची_शिफ्ट
हा माणूस भाड्याच्या आणि विकतच्या, दोन्ही सोसायट्या फोनवर बघतो. धन्य!

केबलवाला_भो
काका, तुमच्या सातपूरच्या पॅनेलात पासवर्ड नव्हता म्हणून तुम्हाला सगळं सोपं वाटतं. पासवर्ड बदला की, कोणी अडवलंय? दोन महिन्यांनी विसराल आणि रविवारी मलाच फोन कराल.

सेक्रेटरी_नाइलाजाने
बरं, डिस्कचा मुद्दा मान्य, एवढ्यावरच. पेटी आणि कॅमेरे भाड्याचेच राहतील, पण आत सोसायटीच्या पैशाने घेतलेली चार टीबीची सर्व्हेलन्स डिस्क, बिलासकट. पेटी बदलली तर डिस्क आमच्याकडे राहील, असं करारात घालतो. ॲडमिन पासवर्ड कमिटीकडे, दोघांनाच ॲप, आणि कोणी फुटेज पाहिलं की रजिस्टरमध्ये नोंद. झालं समाधान?

सातपूरची_शिफ्ट
म्हणजे बिघडणारी वस्तू सोसायटीची आणि न बिघडणाऱ्या पेटीला भाडं. वा! तरी निम्मं तर निम्मं. पण भाड्याचं काय, त्यातून डिस्कचे पैसे कमी करा.

तिसरा_मजला_इंदिरानगर
त्या दोघांत एक बाई असेल, हेही ठरावात लिहा.

केबलवाला_भो
आधीच सांगून ठेवतो, बाहेरची डिस्क टाकली तर रेकॉर्डिंगची जबाबदारी आमची नाही. आणि भाडं तेवढंच राहील.

सातपूरची_शिफ्ट
घ्या! आता बोला, सेक्रेटरीसाहेब.