प्रतिसाद: एटीकेटी आणि क्रेडिटचा हिशोब
वर कुणीतरी म्हटलंय की एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्षाला प्रवेश) मिळाली म्हणजे वर्ष वाचलं, आता निवांत. अर्धंच बरोबर आहे हे. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाचा एकही विषय राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही, मग दुसरं वर्ष पूर्ण सुटलेलं असलं तरी वायडी (इयर डाउन, म्हणजे एक वर्ष वाया) लागतोच. माझ्या रूममेटचा पहिल्या वर्षाचा एम-टू (गणिताचा दुसरा पेपर) राहिला होता, तो दुसऱ्या वर्षाच्याच विषयांमागे लागला आणि एका पेपरपायी अख्खं वर्ष घरी बसला, फार वाईट वाटलं होतं तेव्हा. त्यामुळे जुना विषय आधी काढा, नवीन नंतर.

अजून एक, जे इथे कुणीच लिहिलं नाहीये. डिजिलॉकरमधून एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) काढलाय ना सगळ्यांनी, पण त्यात क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, जमा झालेत का हे उघडून बघता का? माझ्या बहिणीच्या दोन सेमिस्टरचे दिसतच नव्हते. आधारवर तिचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, कॉलेजच्या रेकॉर्डला आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही वेगळं, त्यामुळे ते जुळतच नव्हतं. परीक्षा विभागात आधारची झेरॉक्स, दोन्ही मार्कशीट आणि अर्ज दिला, अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून घेतला, तरी महिनाभर खेटे घालावे लागले. प्लीज प्रत्येक निकालानंतर एकदा तपासा, शेवटच्या सेमला धावपळ करू नका.