क्रुझॉन असलेल्या ८ वर्षांच्या मुलीचं लेफोर्ट थ्री ऑपरेशन: आत्ता करावं की थांबावं?

बार्शीहून एक बाबा:
नमस्कार. माझी मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. तिला क्रुझॉन सिंड्रोम हा जन्मजात आजार आहे. कवटीचे सांधे वेळेआधी जुळले म्हणून दीड वर्षाची असताना एक ऑपरेशन झालं, ते नीट पार पडलं. आता गालाची हाडं आणि वरचा जबडा मागेच राहिलाय. डोळे पुढे आलेत, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे बसतात. रात्री एवढी घोरते की बाहेरच्या खोलीत ऐकू येतं.

एका डॉक्टरांनी लेफोर्ट थ्री डिस्ट्रॅक्शन सांगितलंय, म्हणजे मधल्या चेहऱ्याचं हाड कापून ते हळूहळू पुढे आणायचं. डोक्याला बाहेरून फ्रेम लावणार, ती अडीच-तीन महिने ठेवणार. दुसरे म्हणतात, १७-१८ ची होऊ द्या, मग एकदाच करू. घरात दोन तट पडलेत. माझी आई म्हणते, पोरीच्या डोक्यात खिळे ठोकू देणार नाही. बायको रात्र रात्र तिच्या उशाशी बसून असते. ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा.

नाशिकची आई:
दादा, तुमचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या मुलालाही क्रुझॉन आहे. नवव्या वर्षी लेफोर्ट थ्री झालं, आता तो १९ चा आहे.

आम्हालाही अशीच दोन मतं मिळाली होती. शेवटी निकाल लावला तो स्लीप स्टडीने. रात्रभर अंगाला तारा लावून झोपवतात आणि श्वास किती वेळा अडतो, ऑक्सिजन किती खाली जातो ते मोजतात. त्याआधी त्याचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढून झाले होते, तेवढ्यापुरता चार-सहा महिने आराम पडला आणि परत तेच. रिपोर्ट पाहिल्यावर थांबायचा प्रश्नच उरला नाही. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा: तिचा श्वास आणि तिचे डोळे आणखी दहा वर्षं थांबू शकतात का? थांबू शकत असतील तर थांबा. नसतील तर दिसण्याचा विचार नंतर करा.

तुमच्या आईंना सांगा, खिळे ठोकत नाहीत. डोक्याभोवती धातूचं कडं असतं, ते कानांच्या वर दोन्ही बाजूंना पिनांनी कवटीच्या बाहेरच्या थरात घट्ट टेकवतात. कड्यातून तोंडासमोर एक उभी दांडी येते आणि दांडीपासून बारीक तारा जबड्याला जातात. ऑपरेशनमध्ये हाड कापून नुसतं मोकळं करतात. पुढे येतं ते नंतर, रोज थोडं थोडं. आमच्याकडे पाचव्या दिवशी डॉक्टरांनी दांडीवरच्या स्क्रूला पहिला फेरा दिला आणि मला शिकवलं. मग घरी सकाळी अर्धा मिलिमीटर, रात्री अर्धा. सोळा दिवस. पहिल्या रात्री माझा हात एवढा थरथरत होता की पाना स्क्रूत बसेना. मुलगाच म्हणाला, "आई, दुखत नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटतं."

मला कोणी आधी सांगितलं नव्हतं ते सांगते. ऑपरेशननंतर चेहरा इतका सुजतो की तीन-चार दिवस डोळे उघडत नाहीत. हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर डोळे गेले असं वाटून घाबरेल. डोक्यातून घालायचे कपडे बंद, पुढून बटणं असलेले शर्टच लागतात. खायला खिमट, पेज, नाचणीची आंबील. पिनांच्या भोवतालची जागा रोज साफ करायची. आमची एक पिन तिसऱ्या आठवड्यात लाल झाली, चिकट पाणी येऊ लागलं. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, गोळ्यांनी बरं झालं, पण ते दोन दिवस मी जेवले नाही.

आणि एक सांगते. नऊ वर्षं मी त्याला झोपेत डोळे अर्धे उघडे असलेलाच पाहिला होता. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून रात्री दोनदा उठून मलम घालायचे. बाराव्या की तेराव्या रात्री मलमाची ट्यूब घेऊन गेले, तर पापण्या मिटलेल्या. पूर्ण. मी टॉर्च लावून परत पाहिलं. मग यांना उठवलं.

तुमच्या बायकोला माझा निरोप द्या. मलाही खूप ऐकवलं होतं, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस म्हणून. हा जनुकातला बदल आहे. यात तिने काही केलेलं नाही.

ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात आणि जबडे जुळवणारे डॉक्टर), कोल्हापूर:
ताईंनी योग्य प्रश्न विचारायला सांगितलाय. त्याला धरून थोडं.

१९०१ साली रने ल फोर या फ्रेंच सर्जनने मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून चेहरा कोणत्या रेषांवर तुटतो ते पाहिलं. जवळपास त्याच रेषांवर आज सर्जन हाड कापतात, म्हणून लेफोर्ट हे नाव. वन म्हणजे फक्त वरचा जबडा. थ्री म्हणजे गाल, नाकाचं मूळ आणि डोळ्यांच्या खोबणीचा भाग, सगळं एकत्र. तुमच्या मुलीचे डोळे पुढे दिसतात कारण खोबण उथळ आहे, म्हणून वन पुरणार नाही. हाड हळूहळू ताणून नवं हाड तयार करण्याची पद्धत इलिझारोव्ह यांनी सायबेरियात पायांसाठी विकसित केली, चेहऱ्यावर ती १९९० च्या दशकात रुळली. एका बैठकीत १५-२० मिलिमीटर पुढे आणायचं तर त्वचा आणि स्नायू मागे ओढतात. रोज एक मिलिमीटरला तेही सोबत वाढतात.

आता अवघड भाग. लहानपणी लेफोर्ट थ्री केलं की मधला चेहरा त्यानंतर स्वतःहून फारसा पुढे वाढत नाही. खालचा जबडा मात्र वाढत राहतो. म्हणून मुद्दाम गरजेपेक्षा थोडं जास्त पुढे आणतात, आणि तरीही वाढ संपल्यावर बहुतेकांना लेफोर्ट वन लागतं. आत्ता केलं तर दोन ऑपरेशनं, हे गृहीत धरा. "एकदाच करू" या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे. पण श्वास अडत असेल तर त्या एका ऑपरेशनची किंमत मुलीचा मेंदू आणि हृदय रोज रात्री मोजतात.

कपाळही मागे असेल तर मोनोब्लॉकचं नाव निघेल. त्यात कपाळ आणि चेहरा एकत्र पुढे आणतात. मेंदूची बाजू आणि नाक यांच्यात वाट उघडते, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका जास्त. हे स्पष्ट विचारा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळासोबत डोळ्याचा मागचा पडदाही तपासून घ्या, कवटीत दाब वाढला असेल तर तिथे कळतं.

पुण्याची विद्यार्थिनी:
माझी केस वेगळी आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळू. वरचा जबडा मागे राहिला होता, पण श्वासाचा त्रास नव्हता, म्हणून १७ पूर्ण होईपर्यंत थांबले आणि लेफोर्ट वन केलं. जबडा पुढे आला की टाळूही पुढे जातो आणि आवाज नाकातून येऊ शकतो. माझा थोडा आला, वर्षभर स्पीच थेरपी केली. टाळू दुभंगलेल्या मुलांचे आई-बाबा हे वाचत असतील तर बोलण्याची तपासणी ऑपरेशनच्या आधी करून घ्या.

बार्शीहून एक बाबा:
सगळ्यांचे आभार. स्लीप स्टडीची पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली. ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, डोकं पूर्ण भादरतात का, आणि कड्यासकट वेण्या घालता येतात का? रोज तीच घालते वेण्या.

नाशिकची आई:
आजींना सांगा, पूर्ण नाही भादरत. कानापासून कानापर्यंत डोक्यावरून नागमोडी चीर देतात, केस परत आले की व्रण झाकला जातो. चिरेपुरता केसांचा पट्टा काढायचा का, ते डॉक्टरांना आधीच विचारा. वेण्यांचं म्हणाल तर आमच्या वॉर्डात एक मुलगी होती, तिची आई मागचे केस मानेजवळ घेऊन दोन सैल वेण्या घालायची. कडं वर राहतं, मान मोकळी असते. रिबिनी मात्र पिनांपासून लांब बांधायच्या.