मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं ओढत नाहीत

चिखल्या, मुरबाड: फोर व्हीलचा (चारही चाकं ओढणारा) मिनी ट्रॅक्टर आहे. चिखलणीत मागची चाकं रुतली की पुढची नुसती उभी राहतात. लिव्हर व्यवस्थित पडतो. गिअरबॉक्स खोलावा लागेल का?

पाना१३, शहापूर: एवढ्यात नको. इंजिन बंद, मागच्या चाकांना ठोकळे, पुढचा अ‍ॅक्सल स्टँडवर (नुसत्या जॅकवर नको). गिअर आणि फोर व्हील लिव्हर टाका, पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टचं (दांड्याचं) कव्हर सरकवा. दोघांनी पुढची दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरवा. अडकली तर जोडणी शाबूत आहे. चाकांबरोबर शाफ्टही फिरला तर बिघाड मागे: लिव्हरची दांडी, फोर्क (लिव्हरने सरकून गिअर जोडणारा चिमटा) किंवा मागचा स्लीव्ह (शाफ्टचं टोक जोडणारी, आतून दात असलेली नळी). शाफ्ट जागीच राहिला तर पुढे.

चिखल्या: चाकं फिरतात, शाफ्ट हलत नाही.

पाना१३: मग आधी पुढचा स्लीव्ह. पिन किंवा सर्क्लिप (अडकवणारी रिंग) काढून मागे सरकवा. पिन तुटली असेल तर कंपनीचीच घाला, खिळा ठोकू नका. आतले दात झिजले असतील तर शाफ्टचे आणि पिनियनचेही (शाफ्टला जोडलेला पुढचा गिअर) बघा. झिजलेल्या दातांवर नवा स्लीव्ह टिकत नाही. बसवताना ग्रीस आणि नवी ओ-रिंग (रबरी कडी), चिखल तिथूनच शिरतो. स्लीव्ह चांगला निघाला तर अ‍ॅक्सलचं ऑइल काढा. लोखंडाचे तुकडे दिसले तर क्राउन-पिनियन (आतली मुख्य गिअरची जोडी) गेलं समजा.

डांबरी, कल्याण: रस्त्यावर फोर व्हील काढूनच चालवा. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात. डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा ताण या स्लीव्हवर. चुकीच्या मापाच्या टायरनेही हेच होतं.