काटा पासिंग: वर्षाचा खर्च किती धरायचा?

उदगीर मोंढा, आडत: १०० किलोचे दोन इलेक्ट्रॉनिक काटे (आकडा १०-१० ग्रॅमने बदलतो) आणि २० किलोची लोखंडी वजनं आहेत. दुरुस्तीवाला सगळ्याचं दरसाल पासिंग (सरकारी पडताळणी आणि शिक्का) म्हणून ठोक रक्कम मागायलाय. बरोबर आहे का? आणि कोणत्या महिन्यात करावं?

काटा दुरुस्ती, लातूर: ठोक देऊ नका शेठ. काट्याची मुदत १२ महिने, लोखंडी वजनांची २४. म्हणजे वजनांचा खर्च वर्षाआड येतो. बिलात सरकारी फी, सर्व्हिसिंग आणि ने-आण वेगळी लिहून घ्या. फीची सरकारी पावती मिळते, ती मागाच. मुदत उलटली की प्रत्येक तिमाहीला, अर्धवट असली तरी, मूळ फीच्या निम्मी जादा लागते. शिक्क्यावर वर्षासोबत तिमाहीचं अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत, जुलै-ऑगस्टात उरका. ऑक्टोबरात काटा दुकानाबाहेर गेला की फीपेक्षा धंद्याचंच जास्त बुडतं.

वजनमापवाला, परभणी: पासिंगआधी घरीच तपासा. काटा समतल आहे का ते दाखवणारा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणा. मग २० किलोचं पास वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक करून ठेवा. पडताळणीला २० किलोवर १० ग्रॅम आणि ५० किलोवर १५ ग्रॅम चूक चालते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. एकाच कोपऱ्यात वजन कमी दाखवलं तर लगेच लोडसेलला (ताटाखालचा भार मोजणारा भाग) दोष देऊ नका. ताटाखाली माती-भुसा साचतो, ताट स्टॉपर बोल्टला (ताट जास्त दबू नये म्हणून लावलेला) टेकतं, आणि भार लोडसेलऐवजी बोल्टवर जातो. ब्रशने साफ केलं की बहुतेकदा सुटतं. केबल उंदराने कुरतडली असेल तर आकडा नाचतो.

लोखंडी वजनं आपटू नका. पोपडे निघाले की वजन घटतं, आणि वजनाच्या भोकात शिसं भरून पुन्हा शिक्का मारावा लागतो.

उदगीर मोंढा, आडत: लोडसेल मध्येच गेला तर?

काटा दुरुस्ती, लातूर: तो बदलताना पासिंगचं सील तुटतं, आणि सील तुटलं की मुदत शिल्लक असली तरी पुन्हा पडताळणी, पुन्हा फी. म्हणून शंकास्पद लोडसेल पासिंगच्या आधीच बदलून घ्यायचा, नंतर नाही. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करा आणि प्रमाणपत्र काट्याजवळ दिसेल असं लावा.